मुंबई महानगरातली स्मार्ट वाहतूक: नियोजनाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्मार्ट वाहतुकीचा आराखडा म्हणजे नक्की काय? कॅमेरे, सिग्नल आणि ॲप यांची खरेदी यादी?

खरेदी यादी हा त्याचा शेवटचा भाग. त्याआधी बऱ्याच गोष्टी लिहून काढाव्या लागतात. या प्रदेशात रस्ते, बस, रेल्वे आणि मेट्रो कोण कोण चालवतं? त्यांच्याकडे रोज कोणती माहिती तयार होते? ती आणखी कोणाला, किती वेळात, कोणत्या स्वरूपात मिळायला हवी? कोणत्या दोन संस्थांमध्ये लेखी करार लागेल, कोणतं मानक पाळायचं, कोणतं काम आधी आणि कोणतं नंतर, हेही त्यातच येतं.

या कागदातला सर्वांत मोलाचा रकाना म्हणजे ‘बंद पडलं तर कोण दुरुस्त करणार’. दुर्दैवाने कोरा राहतो तोही हाच. यंत्र विकत घेणं सोपं असतं, त्याला निविदा काढता येते. शेजारच्या कार्यालयाने आपल्याला रोज सकाळी काय कळवायचं, याची निविदा निघत नाही. पुढची बरीचशी उत्तरं या एका मुद्द्यापाशीच येऊन थांबतात.

प्रत्येक संस्था आपापली यंत्रणा बसवतेच आहे. मग एकत्र आराखडा कशाला?

प्रवासी संस्थेच्या हद्दीत राहत नाही, म्हणून. डोंबिवलीत राहणारी आणि सीप्झमध्ये नोकरी करणारी बाई घ्या. घरापासून स्टेशनपर्यंत केडीएमटीची बस किंवा शेअर रिक्षा, पुढे मध्य रेल्वेच्या फास्ट लोकलने घाटकोपर, तिथून मेट्रो १ ने मरोळ नाका आणि खाली उतरून मेट्रो ३ ने सीप्झ. एका दिशेच्या प्रवासात चार वेगळ्या यंत्रणा. मेट्रो म्हणून आपण एकच शब्द वापरत असलो तरी मेट्रो १ खासगी भागीदारीतली कंपनी चालवते, मेट्रो ३ एमएमआरसी ही सरकारी कंपनी चालवते आणि २अ व ७ या मार्गिका तिसऱ्याच कंपनीकडे, महा मुंबई मेट्रोकडे आहेत.

आता सकाळी ठाणे ते मुलुंड दरम्यान गाडी अडकली असं समजा. घाटकोपरच्या मेट्रो स्टेशनात आधी नेहमीपेक्षा कमी माणसं येतात, आणि मग दोन-तीन लोकलची गर्दी एकदम जिन्यावर. रेल्वेच्या नियंत्रण कक्षाने ही बातमी मेट्रोला लगेच दिली असेल तर जादा गाडी आणि जादा माणसं तयार ठेवता येतात. जिन्यावरची गर्दी बघून कळलं, तर दोरी लावून लोकांना थोपवण्यापलीकडे हातात काही उरत नाही. दोन्ही ठिकाणी यंत्रं उत्तम आहेत. कमी आहे ती मधली तार.

रस्त्यांवर गुंता आणखी वाढतो. मुंबईत सिग्नल बसवते आणि सांभाळते महापालिका, चालवतात वाहतूक पोलीस. पूल आणि उन्नत रस्ते कधी एमएमआरडीएचे, म्हणजे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचे, कधी एमएसआरडीसीचे, म्हणजे राज्य रस्ते विकास महामंडळाचे. वाशीचा पूल ओलांडला की महापालिका बदलते आणि पोलीस आयुक्तालयही. मुंबई, ठाणे, नवी मुंबई आणि मीरा-भाईंदर-वसई-विरार अशी चार पोलीस आयुक्तालयं या प्रदेशात आहेत. कोंडीला यातलं कोणतंच आयुक्तालय ओळखता येत नाही. ती सरळ पुढे सरकते.

‘प्रदेश’ म्हणजे कुठून कुठवर धरायचा?

कागदोपत्री मुंबई महानगर प्रदेश सुमारे ६,३२८ चौरस किलोमीटरचा आहे आणि त्यात नऊ महापालिका येतात: मुंबई, ठाणे, नवी मुंबई, कल्याण-डोंबिवली, उल्हासनगर, भिवंडी-निजामपूर, मीरा-भाईंदर, वसई-विरार आणि पनवेल. पण आराखड्याची सीमा प्रवासावरून ठरवावी. लोकल २०१३ पासून डहाणूपर्यंत जाते, आणि डहाणू महानगर प्रदेशात नाही. तिथून रोज येणाऱ्या माणसाला नकाशावरच्या रेषेशी देणंघेणं नसतं. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर घाटात ट्रक उलटला तर त्याचा परिणाम कळंबोलीत दिसतो. त्यामुळे त्या मार्गाचा नियंत्रण कक्षही यादीत हवा.

ही कल्पना आली कुठून?

अमेरिकेतून. १९९१ च्या भूपृष्ठ वाहतूक कायद्याने तिथे या विषयाला पैसा मिळाला, १९९६ साली देशपातळीवरची पहिली रचना (आर्किटेक्चर), म्हणजे कोणती यंत्रणा कोणाशी कशी जोडायची याचा आराखडा, तयार झाली, आणि २००१ साली संघीय महामार्ग प्रशासनाने नियम केला: महामार्ग निधीतून वाहतूक तंत्रज्ञानासाठी पैसा हवा असेल तर प्रदेशाची एक लिखित रचना असली पाहिजे आणि प्रकल्प त्या रचनेत बसला पाहिजे. तिच्यात भागीदार संस्थांची यादी, त्यांच्या जबाबदाऱ्या, माहितीची देवाणघेवाण, करार, मानकं आणि प्रकल्पांचा क्रम हे सगळं यावं लागतं. शिवाय ती अद्ययावत कशी ठेवणार हेही लिहावं लागतं.

या नियमातली खरी ताकद म्हणजे पैशाला जोडलेली अट. आपल्याकडे २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने मोठ्या शहरांत एकात्मिक महानगर वाहतूक प्राधिकरण असावं अशी शिफारस केली. शिफारसच ती, बैठकांपुरती राहिली. २०१७ च्या मेट्रो धोरणात केंद्राच्या मदतीसाठी असं प्राधिकरण उभारण्याची अट आली, तेव्हा हालचाल वाढली. इंडियन रोड्स काँग्रेसनेही २०१७ मध्ये शहरी रस्त्यांवरच्या वाहतूक तंत्रज्ञानासाठी एसपी ११० ही मार्गदर्शिका काढली. म्हणजे तांत्रिक आधार आपल्याकडे आहे. ‘रचनेत बसत नसेल तर निधी नाही’ असं म्हणणारा मात्र अजून कोणी नाही.

सुरुवात कुठून करायची?

आधी काय काय आहे त्याची नोंद. हे काम कंटाळवाणं असतं आणि त्याचं उद्‌घाटन होत नाही, म्हणून ते टाळलं जातं. मुंबई शहरात एमयूटीपीच्या, म्हणजे मुंबई नागरी वाहतूक प्रकल्पाच्या पैशातून सुमारे अडीचशे चौकांवर वाहतूक पाहून वेळ बदलणारे सिग्नल बसवले गेले. २६/११ नंतर शहरभर सीसीटीव्हीचं जाळं आलं. २०१६ पासून ई-चलान आहे. रेल्वेकडे गाडी कुठे आहे ते दाखवणारी प्रणाली आहे, फलाटावरच्या इंडिकेटरला माहिती तिच्याकडूनच मिळते. टोल नाक्यांवर फास्टॅग वाचक, बेस्टच्या बसमध्ये स्थानदर्शक यंत्रं, महापालिकेची पर्जन्यमापकं, अटल सेतू आणि सागरी किनारा मार्गाचे स्वतःचे नियंत्रण कक्ष.

नोंद करताना प्रत्येक वस्तूपुढे तीन गोष्टी लिहाव्यात: ती आज चालू आहे का, देखभालीचा करार कधी संपतो, आणि तिच्यातली माहिती बाहेर काढता येते का. तिसरा प्रश्न फार महत्त्वाचा. पुरवठादाराने बंदिस्त स्वरूपात दिलेली प्रणाली पाच वर्षांनी करार संपला की शोभेची होते.

सिग्नल स्वतःच वेळ बदलतात म्हणे. तरी कोंडी का?

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न, त्यामुळे उत्तर थोडं लांब.

वेळ बदलणारा सिग्नल चौकात कोणत्या बाजूने किती वाहनं आली ते मोजतो. हे मोजमाप रस्त्यात पुरलेल्या तारेच्या वेटोळ्याने, म्हणजे लूपने होतं, किंवा वर लावलेल्या कॅमेऱ्याने. मग तो तीन गोष्टी बदलतो: एका पूर्ण चक्राची लांबी, त्यातला हिरव्या दिव्याचा वाटा, आणि मागच्या चौकाशी असलेलं वेळेचं अंतर, म्हणजे मागून सुटलेल्या गाड्यांना पुढे हिरवा मिळेल अशी जुळणी.

आता एक साधं गणित. चक्र १२० सेकंदांचं आणि तुमच्या बाजूला ४० सेकंद हिरवा असेल, तर दर दोन सेकंदाला एक गाडी या हिशेबाने एका मार्गिकेतून एका चक्रात २० गाड्या सुटतात. तासात ३० चक्रं, म्हणजे ६०० गाड्या. तासाला ७०० येत असतील तर तासाअखेर शंभर गाड्या शिल्लक राहतात. एका गाडीला सहा मीटर धरले तर सहाशे मीटर रांग. इतक्या अंतरात मागचा चौक येतोच. ती रांग मागच्या चौकात घुसली की आडव्या रस्त्याला हिरवा असूनही कोणी हलू शकत नाही. इथे कितीही हुशार सिग्नल असला तरी तो सहाशेचे सातशे करून देऊ शकत नाही. रस्ता तुडुंब भरायच्या आधीच त्याचा उपयोग होतो.

भरल्यानंतर एकच शहाणपण करता येतं: रांग कुठे उभी करायची ते ठरवणं. ज्या रस्त्यावर थांबलेल्या गाड्यांनी इस्पितळाचं फाटक किंवा बसची वाट अडणार नाही, तिथे त्यांना जास्त वेळ थोपवायचं आणि पुढचा चौक मोकळा ठेवायचा. यासाठी चौक एकटा विचार करून चालत नाही, पट्टा म्हणून विचार करावा लागतो. आणि आपल्या वाट्याला लाल का वाढला, असं विचारणाऱ्या लोकप्रतिनिधीला उत्तर देण्याची तयारी लागते. ती सॉफ्टवेअरमध्ये येत नाही.

आपल्या दोन खास अडचणी आहेत. एक, दुचाकी आणि रिक्षा मार्गिकेत चालत नाहीत, त्यामुळे मार्गिकेपुरता पुरलेला लूप अर्धी वाहतूक मोजतच नाही. दोन, खोदकाम. गॅस, पाणी, केबल, मेट्रो, काँक्रिटीकरण, कोणत्याही कारणाने रस्ता फोडला की लूपची तार तुटते, आणि सिग्नल गुपचूप जुन्या ठरावीक वेळांवर परत जातो. बाहेरून बघणाऱ्याला काही कळत नाही, दिवे लागतच असतात. म्हणून रस्ता खोदण्याच्या परवानगीतच ‘लूप पूर्ववत करून दिल्याशिवाय अनामत परत नाही’ ही ओळ असायला हवी. नव्या चौकांवर कॅमेरे किंवा रडार वापरणं मुंबईत जास्त व्यवहार्य वाटतं, निदान ते कुदळीच्या वर तरी असतात.

जाता जाता: २०१९ च्या नोव्हेंबरात मुंबई पोलिसांनी काही चौकांत आवाज मोजणारी यंत्रं सिग्नलला जोडली होती. हॉर्नचा आवाज ८५ डेसिबलच्या वर गेला की लाल दिव्याची वेळ पुन्हा पहिल्यापासून सुरू. कोंडी काही त्याने सुटली नाही, पण लोकांना काय मोजलं जातंय आणि त्याचा परिणाम काय, हे समोर दिसलं. एवढा पारदर्शक सिग्नल शहरात नंतर झालेला नाही.

ॲपवर बस ‘३ मिनिटांत’ दाखवते आणि येतच नाही. असं का होतं?

बहुतेकांना वाटतं उपग्रहाचा सिग्नल गेला. तसंही होतं, उड्डाणपुलाखाली किंवा उंच इमारतींच्या गल्लीत. पण नेहमीचं कारण आगारात असतं.

बसमधलं यंत्र फक्त एवढंच सांगतं की अमुक क्रमांकाचं वाहन अमुक जागी आहे. ते वाहन आज कोणत्या मार्गावर, कितव्या फेरीला आहे, हे आगारात कोणीतरी भरावं लागतं. सकाळी एक बस बिघडली, तिच्या जागी दुसरी काढली, आणि नोंद जुनीच राहिली की ॲपवर भुताची बस धावू लागते. बस अर्ध्यातून फिरवली, तेव्हाही हेच. ही नोंद नीट नसताना थांब्याथांब्यावर चकचकीत फलक लावणं म्हणजे चुकीची माहिती मोठ्या अक्षरात दाखवणं. आधी आगारातली नोंद सुधारा, मग फलकांकडे वळा.

यात आणखी एक पेच आहे. बेस्टच्या ताफ्यातल्या बऱ्याच बस आता भाडेतत्त्वावर, कंत्राटदाराच्या आहेत. गाडी त्याची, चालक त्याचा, यंत्रही बहुधा त्याचंच. मग माहिती कोणाची? ती प्राधिकरणाला अखंड आणि खुल्या स्वरूपात मिळेल हे कंत्राटात आधीच लिहिलेलं असलं पाहिजे. केंद्राच्या नियमानुसार २०१९ पासून नोंदणी होणाऱ्या सार्वजनिक प्रवासी वाहनांना एआयएस १४० मानकाचं स्थानदर्शक यंत्र आणि धोक्याची कळ लागते, तीनचाकींना त्यातून सूट आहे. म्हणजे यंत्र आहे, प्रश्न फक्त माहितीच्या वाटेचा आहे.

वेळापत्रक आणि थांबे जगभर ज्या साच्यात प्रसिद्ध करतात त्याला जीटीएफएस म्हणतात. २००५ च्या सुमारास पोर्टलंडच्या ट्रायमेट या परिवहन संस्थेने आणि गूगलने मिळून तो बसवला. साध्या मजकुराच्या फायली असतात, कोणाच्याही मालकीच्या नाहीत. बेस्ट, ठाण्याची टीएमटी, नवी मुंबईची एनएमएमटी, केडीएमटी आणि बाकीच्यांनी आपले थांबे एकाच पद्धतीने क्रमांक देऊन या साच्यात टाकले, तर ठाण्याच्या कोपरीहून मुलुंडला जाणाऱ्याला दोन ॲप उघडावी लागणार नाहीत. या कामाला कोट्यवधी लागत नाहीत. लागतात ती दोन-चार चिकाटीची माणसं.

एक कार्ड, एक तिकीट कधी?

यात तीन वेगळे प्रश्न आहेत आणि जाहिरातींत ते एकत्र कालवले जातात.

पहिला, एकच ॲप. ते झालं आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये ‘मुंबई वन’ हे ॲप सुरू झालं आणि त्यात लोकल, मेट्रो, बेस्ट आणि आसपासच्या महापालिकांच्या परिवहन सेवा धरून ११ संस्था आल्या.

दुसरा, पैसे भरायचं एकच साधन. त्यासाठी राष्ट्रीय सामायिक मोबिलिटी कार्ड २०१९ मध्ये आलं. मेट्रोत ते चालतं, कारण मेट्रोला फाटक आहे. लोकलला फाटक नाही. कुठूनही आत, कुठूनही बाहेर, आणि बहुसंख्य रोजचे प्रवासी महिन्याच्या किंवा तीन महिन्यांच्या पासवर. कार्ड टेकवायचं तर कुठे टेकवायचं? गर्दीच्या वेळी दादरच्या पुलावर फाटकं बसवण्याची कल्पना करून बघा. म्हणून लोकलसाठी पासच त्या कार्डात किंवा ॲपमध्ये घालणं आणि तपासणी टीसीकडेच ठेवणं जास्त शहाणपणाचं.

तिसरा प्रश्न खरा अवघड: भाडं एकच आहे का? मे २०२५ पासून बेस्टचं किमान भाडं साध्या बसला १० आणि वातानुकूलित बसला १२ रुपये आहे. मेट्रोचंही किमान १०. दोन वाहनं बदलली की प्रत्येक वेळी पहिल्या टप्प्याचे पैसे नव्याने पडतात, मग तिकीट एका ॲपवर काढा नाहीतर तीन खिडक्यांवर. एकत्र भाडं म्हणजे दुसऱ्या वाहनात चढताना तो पहिला टप्पा माफ करणं. त्यातून जी तूट येईल ती कोण भरणार, आणि जमलेला पैसा संस्थांत कोणत्या सूत्राने वाटणार, हे ठरवायला संगणक लागत नाही. अर्थखात्याच्या सहीचा कागद लागतो.

लोकलसाठी या आराखड्यात काय आहे?

रेल्वेचे सिग्नल रेल्वेच ठरवते, प्रादेशिक आराखड्याने त्यात लुडबूड करू नये. एमयूटीपी ३अ ला २०१९ मध्ये मंजुरी मिळाली, त्यात सीबीटीसी ही गाडीशी सतत रेडिओ संपर्क ठेवणारी नवी सिग्नल पद्धत होती. आज दोन गाड्यांत सुमारे तीन मिनिटांचं अंतर ठेवावं लागतं, ते कमी करून गाड्या वाढवणं हा तिचा हेतू. पण गाड्या वाढल्या की स्टेशनबाहेरच्या रिक्षा, बस आणि पादचारी पूल यांच्यावरचा भारही वाढणार, तो आराखड्याचा विषय. फलाट बदलल्याची घोषणा ॲपवरही त्याच क्षणी यायला हवी, हीसुद्धा साधी मागणी आहे.

पावसाळ्यात हे सगळं टिकतं का?

मुंबईच्या आराखड्याची परीक्षा जूनमध्ये असते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्यानंतर महापालिकेने पर्जन्यमापकांचं जाळं वाढवलं, आणि २०२० मध्ये पूर इशाऱ्याची ‘आयफ्लोज’ यंत्रणा सुरू झाली. म्हणजे पाणी कुठे भरतंय याची माहिती आज शहराकडे आहे. ती वाहतुकीला वेळेत मिळते का, हा मुद्दा.

अंधेरी सबवे घ्या. पाणी चढलं की पोलीस दोन्ही तोंडं बंद करतात. त्या क्षणापासून काय काय व्हायला हवं ते लिहून काढलं तर यादी अशी होते: बेस्टच्या नियंत्रण कक्षाने त्या वाटेच्या बस गोखले पुलाकडे वळवायच्या, पुलाच्या चौकातल्या सिग्नलची वेळ बदलायची, एस. व्ही. रोडवरच्या फलकावर सूचना यायची, नकाशांच्या ॲपना रस्ता बंद असल्याचं कळवायचं, आणि पाणी उतरल्यावर हे सगळं उलट करायचं. शेवटचं काम लोक विसरतात. सबवे तासापूर्वी उघडलेला असतो आणि फलक अजून ‘बंद’ म्हणतो. दोनदा असं झालं की लोक फलकाकडे बघणं सोडतात.

यातलं प्रत्येक काम आज कोणी ना कोणी फोनवर किंवा व्हॉट्सॲप गटात करतो, आणि ती माणसं खरंच धावपळ करतात. पण त्या माणसाची बदली झाली की वाटही बदलते. पाण्याची किती पातळी झाली की कोणी, कोणाला, कोणत्या शब्दांत कळवायचं, हे पदाच्या नावावर लिहिलेलं हवं. जोराच्या पावसाशी गाठ पडू शकेल असे साडेचार मीटरच्या वरच्या भरतीचे दिवस आधीच माहीत असतात, कारण भरतीचं वेळापत्रक वर्षभराचं छापून येतं. त्या दिवसांसाठी सिग्नलच्या वेळांचा वेगळा संच तयार ठेवायला काहीच हरकत नाही.

आणि एक गवंडी कामाची सूचना: सिग्नलची नियंत्रण पेटी चौथऱ्यावर, पाण्याच्या जुन्या खुणेच्या वर बसवा. हिंदमाता किंवा गांधी मार्केटला ती खुण दुकानदार बोट दाखवून सांगतील.

कॅमेरे आमच्यावर पाळत ठेवणार का?

ठेवू शकतात, म्हणूनच आधी ठरवायला हवं. चौकात वाहनं मोजायला नंबर प्लेट साठवायची गरज नसते. ई-चलानला असते. गुन्हा तपासायला आणखी वेगळं काही लागतं. एकच कॅमेरा तिन्ही कामांना वापरला तरी माहिती तीन वेगळ्या कप्प्यांत, तीन वेगळ्या मुदतींसाठी राहिली पाहिजे. वैयक्तिक विदा संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला आहे. सरकारी यंत्रणांना त्यात बऱ्याच सवलती आहेत, त्यामुळे आराखड्यातच मुदत आणि हेतू लिहून घेणं हेच नागरिकांच्या हातातलं साधन.

रिक्षा, टेम्पो, दुचाकी यांना यात जागा आहे का?

बहुतेक आराखड्यांत नसते, आणि मग ते आराखडे खोटे पडतात. शेअर रिक्षाची रांग ही या प्रदेशातली सर्वांत चोख चालणारी वाहतूक व्यवस्था असेल कदाचित. रांग कुठे लागते आणि कोणत्या वेळी लागते एवढी नोंद केली तरी बसचे मार्ग नीट आखता येतात.

मालवाहतूक त्याहून दुर्लक्षित. जेएनपीए बंदर आणि वाशीचं एपीएमसी मार्केट यांच्याकडे जाणारे ट्रक ठरावीक वेळी थांबवले जातात आणि मग कुठेतरी रस्त्याकडेला उभे राहतात. बंदीची वेळ सुरू होण्यापूर्वी चालकाला पुढचा वाहनतळ किती रिकामा आहे हे कळलं, तर निम्मा प्रश्न तिथेच हलका होईल.

फलकांवर काय लिहावं?

‘सुरक्षित चालवा’ सोडून काहीही. ‘वाशी ३५ मिनिटं’ किंवा ‘पुढे मार्गिका बंद, डावीकडे राहा’ असं, मराठीत, दोन ओळींत. सूचना आवाजातही हवी आणि स्मार्टफोन नसलेल्याला स्टेशनवर विचारता येईल असा माणूसही हवा.

देखभालीचा पैसा कोण देतो?

उभारणीसाठी कर्ज मिळतं, अनुदान मिळतं, उद्‌घाटनाला मंत्री मिळतात. वीजबिल, नेटवर्कचं भाडं, कॅमेऱ्याच्या काचा पुसणं आणि तुटलेली तार जोडणं हे महसुली खर्चात येतं, आणि अर्थसंकल्पात आधी कात्री लागते ती इथेच. म्हणून प्रकल्प मंजूर करतानाच पुढच्या दहा वर्षांचा चालवण्याचा खर्च आणि तो कोणत्या लेखाशीर्षातून जाणार हे दाखवणं सक्तीचं करावं. हे दाखवता येत नसेल तर कमी यंत्रं घ्यावीत. शंभर चौकांतले साठ बंद असण्यापेक्षा चाळीसच बसवून चाळीसही चालू असलेले बरे.

आराखडा काम करतोय हे कसं ओळखायचं?

किती कॅमेरे लागले यावरून नाही. माझ्या हिशेबाने तीन आकडे पुरेत: एखाद्या बसमार्गाचा प्रवासाचा वेळ रोज किती कमी-जास्त होतो, बिघडलेला सिग्नल सरासरी किती तासांत दुरुस्त होतो, आणि एका संस्थेतली घटना दुसऱ्या संस्थेला किती मिनिटांत कळते. सरासरी वेग वाढला नाही तरी चालेल. रोज एकाच वेळेला पोचता आलं, तर माणूस घरून वीस मिनिटं आधी निघायचं सोडतो.

नागरिक म्हणून आम्ही काय मागू शकतो?

नवं काही बसवा असं मागण्याआधी जे आहे त्याची स्थिती मागा. तुमच्या वॉर्डातल्या कोणत्या सिग्नलचे डिटेक्टर, म्हणजे वाहनं मोजणारे लूप किंवा कॅमेरे, चालू आहेत, शेवटची तपासणी कधी झाली, देखभालीचा कंत्राटदार कोण आणि करार कधी संपतो. माहिती अधिकाराच्या २००५ च्या कायद्यातलं चौथं कलम सांगतं की अशी माहिती कोणी न मागता प्रसिद्ध करायची असते, त्यामुळे अर्जात त्या कलमाचा उल्लेख करा. चौकाचं नाव नुसतं न लिहिता खांबावरचा क्रमांक असेल तर तो लिहा. उत्तर महापालिका आणि पोलीस यांच्यात टोलवलं जाऊ नये म्हणून अर्ज दोन्हीकडे, एकाच दिवशी, एकाच मजकुराचा द्या आणि एकात दुसऱ्याचा संदर्भ टाका.

आराखडा किती वर्षांनी बदलायचा?

मोठा आढावा चार-पाच वर्षांनी ठीक, पण एखादी गोष्ट उघडली, बंद झाली किंवा फुकट झाली की लगेच. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईच्या पाचही प्रवेशनाक्यांवर हलक्या वाहनांना टोल माफ झाला, तेव्हा तिथली वाहतूक मोजायची जुनी पद्धत एका रात्रीत अपुरी झाली. सप्टेंबर २०२५ मध्ये मोनोरेल थांबवली गेली, पुढच्या महिन्यात मेट्रो ३ कफ परेडपर्यंत पूर्ण सुरू झाली. अशा प्रत्येक वेळी कागदावर दोन-तीन ओळीच बदलायच्या असतात. त्या कोणत्या टेबलावर बदलायच्या, हे मात्र पहिल्याच पानावर लिहून ठेवा.